‘द गॉडफादर’ची नवी डिस्क: सांगलीकर प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबाग परिसरात आम्ही पंधरा-वीस जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका सभासदाच्या घरी जमतो आणि एखादा जुना चित्रपट पाहून त्यावर बोलतो. ‘द गॉडफादर’ या, एका गुन्हेगारी घराण्याची कथा सांगणाऱ्या १९७२ सालच्या अमेरिकन चित्रपटाची, त्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने नव्याने दुरुस्त झालेली फोर-के, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राची, डिस्क आम्ही दाखवली, तेव्हापासून माझ्याकडे सतत प्रश्न येत आहेत. कोणी फोन करून विचारतात, कोणी संध्याकाळी गणपती मंदिरापाशी थांबवून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि रस्त्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून सगळी उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी गावभागात व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान चालवत असे. तेव्हापासून हा चित्रपट मी कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे आणि आता फोर-के अशा प्रत्येक रूपात पाहत आलो आहे.

नेमके काय पुन्हा प्रसिद्ध झाले आहे?

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी दिग्दर्शित केलेल्या तिन्ही भागांचा संच पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेने २२ मार्च २०२२ रोजी फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कवर आणला. त्याच्या आधी, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, पहिला भाग अमेरिकेतील चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता. पहिला भाग १९७२ चा, दुसरा १९७४ चा आणि तिसरा १९९० चा आहे. तिसऱ्या भागाच्या या संचात तीन आवृत्त्या आहेत: चित्रपटगृहात लागलेली, १९९१ मधील दिग्दर्शकाची आणि कोपोला यांनी २०२० मध्ये नव्याने संकलित केलेली. माझे मत विचाराल तर संच घ्यायचा तो पहिल्या दोन भागांसाठी. तिसरा पाहायचाच असेल तर २०२० चे संकलन पाहावे, कारण त्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही बदललेले आहेत आणि ते बदल चित्रपटाच्या भल्याचे आहेत.

माझ्याकडे जुनी डीव्हीडी आहे. पुन्हा पैसे का घालावेत?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या टीव्हीवर अवलंबून आहे. २००१ साली तिन्ही भागांचा डीव्हीडी संच आला, २००८ साली दुरुस्त केलेल्या प्रतींवरून डीव्हीडी आणि ब्लू-रे आले, आणि २०२२ साली फोर-के. आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते, ब्लू-रेवर ते १९२० गुणिले १०८० होते आणि फोर-के डिस्कवर ३८४० गुणिले २१६०. आपला टीव्ही लहान आणि जुन्या एचडी प्रकारचा असेल, तर २००८ च्या दुरुस्तीवरून काढलेला ब्लू-रे पुरेसा आहे. त्याला फोर-के डिस्क जोडून काहीही पदरात पडणार नाही. टीव्ही पंचावन्न इंची किंवा त्याहून मोठा आणि फोर-के असेल, तर मात्र नवा संच घ्यावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. २००१ ची डीव्हीडी घरात असेल तर ती आठवण म्हणून जपावी, पण नव्या माणसाला हा चित्रपट प्रथम दाखवताना ती लावू नये.

डीव्हीडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पण आपल्या देशातील पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो सेकंदाला २५ चौकटींनी धावतो. त्यामुळे १७५ मिनिटांचा हा चित्रपट सुमारे १६८ मिनिटांत संपतो आणि ध्वनीची वेगळी दुरुस्ती केली नसेल, तर आवाजही चढतो. मिरजेत सतारी जुळवण्याचे काम करणारे आमचे एक सभासद आहेत. त्यांनी घरच्या डीव्हीडीवर चित्रपटाचे संगीतकार निनो रोटा यांची ती प्रसिद्ध धून ऐकलेली होती. रविवारी फोर-के डिस्क लावल्यावर पहिल्याच दोन-तीन स्वरांना ते म्हणाले, “आज सूर खाली लागलाय.” प्रत्यक्षात त्या दिवशी सूर बरोबर होता, आणि वर्षानुवर्षे घरी ऐकलेला सूरच चढा होता. पेटीवर पांढरी एक सोडून काळी एकच्या दिशेने जवळजवळ पाऊण वाट चालून जावे, एवढा तो फरक असतो. ब्लू-रे आणि फोर-केवर चित्रपट मूळच्या २४ चौकटींनीच चालतो, म्हणून पात्रांचे बोलणे, चालणे आणि थांबणे मूळ गतीने दिसते. या चित्रपटात थांबण्याला फार महत्त्व आहे.

जीर्णोद्धार केला म्हणजे काय केले? नवे रंग भरले की काही दृश्ये बदलली?

दृश्ये बदललेली नाहीत आणि नवे रंगही भरलेले नाहीत. जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार करताना कुजलेली तुळई काढून त्याच जातीच्या लाकडाची तुळई बसवावी, भिंतीवरचे मागाहून दिलेले ऑइल पेंट खरवडून मूळचा चुना मोकळा करावा, त्या प्रकारचे हे काम आहे.

चित्रपट चालला नाही म्हणून त्याची निगेटिव्ह फेकली गेली, अशा कथा आपण पुष्कळ ऐकतो. येथे उलटे झाले. चित्रपट इतका चालला की मूळ निगेटिव्हवरूनच पुन्हा पुन्हा प्रिंट काढल्या गेल्या आणि प्रत्येक वेळी यंत्रातून जाताना ती झिजत, फाटत आणि मळत गेली. काही ठिकाणी खराब झालेला तुकडा काढून त्या जागी दुय्यम प्रतीचा तुकडा जोडलेला होता. या शतकाच्या पहिल्या दशकात कोपोला यांनी स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्यामार्फत पॅरामाउंटकडे शब्द टाकला आणि जुन्या चित्रपटांच्या दुरुस्तीत नाव कमावलेले रॉबर्ट हॅरिस यांच्याकडे हे काम सोपवले गेले. मूळ रंग कसे होते हे ठरवायला साक्षीदार हवा होता, कारण सामान्य रंगीत प्रिंटचे रंग काही वर्षांत उडतात. तो साक्षीदार म्हणजे टेक्निकलरच्या रंग-छपाईने काढलेली जुनी प्रिंट. त्या पद्धतीत कापडावर ठसे उमटवावेत तसे रंग एकावर एक छापले जात आणि ते अनेक दशके टिकत. त्या प्रिंटकडे पाहून आणि छायाचित्रणकार गॉर्डन विलिस यांचे मत घेऊन २००८ ची आवृत्ती तयार झाली.

२०२२ साठी त्याच पायावर पुन्हा काम झाले. प्रत्येक चौकटीचा उपलब्ध असलेला उत्तम तुकडा शोधण्यासाठी फिल्मची ३०० हून अधिक खोकी तपासली गेली. डाग, फाटणे आणि अन्य दोष काढण्यात ४,००० हून अधिक तास गेले आणि रंगांच्या जुळवणीत १,००० हून अधिक. हे आकडे निर्मात्यांनी स्वतः जाहीर केलेले आहेत.

सांगलीच्या माणसाला हे काम किती नाजूक आहे हे समजावण्यासाठी मी माझ्या कॅसेटचे उदाहरण देतो. दुकान बंद केल्यानंतर निवडक साठ-सत्तर कॅसेट मी घरी तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवल्या होत्या आणि त्यांत या चित्रपटाची कॅसेटही होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आमच्या घरात ते छातीएवढे होते. पाणी उतरल्यावर कपाट उघडले तेव्हा कॅसेटच्या खिडकीच्या काचेआड चॉकलेटी गाळ दाटलेला दिसत होता. स्क्रू काढून झाकण उचलले. फीत एकाला एक अशी चिकटली होती की ओढताच तिच्यावरचा तपकिरी थर सुटून बोटांना लागला, आणि हाती पारदर्शक पट्टी तेवढी राहिली. चित्र त्या थरातच असते. निगेटिव्हचेही तसेच आहे. थर गेला की चित्र गेले, आणि मग कोणतेही यंत्र ते परत आणू शकत नाही, म्हणून दुसरीकडे कोठे शिल्लक असलेला तुकडा शोधावा लागतो. तीनशे खोकी का तपासली गेली, हे मला त्या दिवसामुळे नीट कळले.

एवढे पैसे खर्चूनही चित्र काळे का दिसते? डिस्क खराब आहे का?

मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे आणि सर्वांत जास्त तळमळीने ज्याचे उत्तर द्यावेसे वाटते तोही हाच. डिस्क खराब नाही. या चित्रपटातील अंधार मुद्दाम योजलेला आहे.

पहिलाच प्रसंग आठवून पाहावा. अंधारात एका माणसाचा चेहरा आहे. तो आपल्या मुलीवर झालेल्या अत्याचाराची हकिगत सांगतो आहे. कॅमेरा अत्यंत सावकाश मागे सरकत जातो, इतका सावकाश की तो सरकतो आहे हेही प्रथम लक्षात येत नाही, आणि मग चौकटीच्या कडेला पाठमोऱ्या घराणेप्रमुख व्हिटो कॉर्लिओनेचा खांदा आणि हात येतो. खोलीच्या पडद्यांआडून अगदी थोडा उजेड झिरपतो. बाहेर त्याच वेळी त्याच्या मुलीचे लग्न चालू आहे, तेथे भगभगीत ऊन आहे, गाणे आहे, नाच आहे. आतला अंधार आणि बाहेरचे ऊन यांच्यामध्ये एका दाराचे अंतर आहे, आणि त्या घराचा सगळा व्यवहार या दोन प्रकाशांच्या आधारे प्रेक्षकाला कळतो. कोणालाही तो तोंडाने सांगावा लागत नाही.

विलिस यांनी व्हिटोची भूमिका करणारे मार्लन ब्रँडो यांच्यावर दिवे डोक्याच्या वरून टाकले. याचे एक कारण व्यावहारिक होते. ब्रँडो तेव्हा पन्नाशीच्याही आत होते आणि त्यांना म्हातारे दाखवणारी रंगभूषा त्या प्रकाशात चांगली खुलत असे. परिणाम मात्र त्याच्या पलीकडे गेला, कारण वरून आलेल्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. समोरचा माणूस काय विचार करतो आहे हे आपण डोळ्यांवरून ओळखतो आणि येथे नेमके डोळेच दिसत नाहीत. सांगली ही नाट्यपंढरी आहे, विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ येथेच रंगवले. रंगमंचावर नटाच्या चेहऱ्यावर उजेड हवा, हा संस्कार आपल्या डोळ्यांवर पक्का बसलेला आहे. म्हणून आपल्याकडील जाणत्या प्रेक्षकालाही हा अंधार सुरुवातीला चूक वाटतो, हे मी समजू शकतो.

विलिस यांनी निगेटिव्हवर प्रकाश मोजूनमापून, नेहमीपेक्षा कमी पडू दिला. हेतू असा की प्रयोगशाळेत कोणी चित्र उजळायला गेले तर ते बिघडेल, आणि त्यामुळे ते ठरवल्याप्रमाणेच छापावे लागेल. सहकारी त्यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. ऑस्करसाठी पहिल्या किंवा दुसऱ्या भागाच्या छायाचित्रणाचे साधे नामांकनही त्यांना मिळाले नाही, याची खंत मला आजही वाटते. अकादमीने त्यांचा मानद पुरस्काराने गौरव केला तो २००९ मध्ये.

जुन्या कॅसेटवर हा अंधार म्हणजे नुसता काळा ढिगारा होता, त्यात काहीच वेगळे कळत नसे. कॅसेट घरी नेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येऊन “कॉपी काळी आलीय” अशी तक्रार करी आणि मी त्याला टीव्हीचा ब्राइटनेस वाढवायला सांगत असे. तो सल्ला चुकीचा होता. नव्या डिस्कवर तोच अंधार तितकाच गडद आहे, पण आता तो वाचता येतो. व्हिटोच्या काळ्या कोटाची कड मागच्या अंधारापासून वेगळी दिसते, कोटावरचा लाल गुलाब लालच दिसतो, मांडीवरच्या मांजराचे केस दिसतात आणि खुर्चीच्या पाठीचे लाकूड लाकूड म्हणून ओळखू येते. नव्या आवृत्तीचे खरे मोल मला येथे दिसते.

मग टीव्हीवर कोणते सेटिंग ठेवावे?

ब्राइटनेस वाढवू नये. ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ हे पर्याय दुकानातील झगमगाटात टीव्ही खपावा म्हणून असतात, ते बंद करावेत आणि ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हा पर्याय निवडावा. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याच्या जवळ आणावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते, ती शोधून बंदच करावी. ती चालू राहिली तर पन्नास वर्षांपूर्वीचा चित्रपट रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो.

खोलीचे सेटिंग टीव्हीच्या सेटिंगपेक्षा महत्त्वाचे आहे. ट्यूबलाइट चालू ठेवून हा चित्रपट पाहू नये, कारण तिचे प्रतिबिंब नेमके काळ्या भागात उमटते. आम्ही पहिल्यांदा दुपारी चार वाजता प्रयोग ठेवला होता आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे पहिला अर्धा तास वाया गेला. अखेर खिडकीवर सोलापुरी चादर दुहेरी करून अडकवली आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला. आता आम्ही सूर्यास्तानंतरच सुरू करतो. मधल्या चहासाठी दिवे लावले तर डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटे थांबावे.

चित्र पिवळसर का आहे आणि त्यावर बारीक कण का हलतात?

पिवळसर, सोनेरी झाक मूळची आहे. घराच्या आतील प्रसंगांना आणि दुसऱ्या भागातील व्हिटोच्या तरुणपणीच्या, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या न्यूयॉर्कला ती मुद्दाम दिलेली आहे. सांगलीकराला सांगायचे तर ती ओल्या हळकुंडाच्या गाभ्याकडे झुकणारी झाक आहे, बाजारातल्या पॉलिश केलेल्या हळदीसारखी भडक नव्हे. तशी भडक दिसत असेल तर टीव्हीचा रंग वाढवलेला आहे, असे समजावे.

कण म्हणजे फिल्मचा पोत आहे, तो दोष नव्हे. रसायनाच्या थरातील कणांनीच चित्र बनते. टीव्हीतील ‘नॉइज रिडक्शन’ चालू केल्यास कण जातात, पण त्यांच्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जाऊन माणसे मेणाची दिसतात.

कोणते यंत्र लागेल? माझ्या डीव्हीडी प्लेअरवर चालेल का?

चालणार नाही. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कसाठी त्याच प्रकारचा प्लेअर लागतो, आणि साध्या ब्लू-रे प्लेअरवरही ती डिस्क वाचली जात नाही. उलट दिशेने अडचण नाही: फोर-के प्लेअरवर ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालतात. घरातील मुलांकडे डिस्कचा खण असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स हे खेळयंत्र असेल, तर वेगळा प्लेअर घेण्याचे कारण नाही; प्लेस्टेशन ४ वर मात्र फोर-के डिस्क चालत नाही. डिस्कवर डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड-अंधाराचे बारकावे दाखवणारी एक प्रणाली, आहे. प्लेस्टेशन ५ ते देत नाही, तो त्याच कामाच्या साध्या एचडीआर प्रणालीत चित्र दाखवतो, आणि तेही समाधानकारक असते.

विभागाचा म्हणजे रीजनचा प्रश्न नीट समजून घ्यावा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या विभागात येते. ब्लू-रेसाठी भारत सी विभागात आणि अमेरिका ए विभागात येते. फोर-के डिस्कला असे विभागच नाहीत, त्यामुळे परदेशातून आणलेली डिस्कही येथील प्लेअरवर चालते. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन डीव्हीडी संच मागवला. वर्णनात विभागाचा उल्लेख नव्हता, आलेला संच अमेरिकेतला निघाला आणि माझ्या प्लेअरने तो नाकारला. परत घेण्याची मुदतही पार्सल उशिरा आल्याने संपली होती. म्हणून डीव्हीडी किंवा ब्लू-रे घेताना वेष्टनाच्या मागील बाजूचे छायाचित्र मागून घ्यावे आणि त्यावरील विभागाचे चिन्ह पाहावे. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क आणि वाहतूक यांचा खर्च आधीच विचारात घ्यावा.

हॉटेलातील प्रसंगात सबटायटल एकाएकी थांबतात. हा दोष आहे का?

नाही. व्हिटोचा मुलगा मायकेल, शत्रुपक्षाचा सोलोझो आणि पोलीस अधिकारी जेवायला बसतात आणि सोलोझो मायकेलशी इटालियन बोलू लागतो, त्या संभाषणाला मूळ चित्रपटातच भाषांतर दिलेले नाही. तेथे शब्द कळण्याची आवश्यकता नाही. पुढे काय करायचे आहे हे मायकेलला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे, आणि आपण केवळ मायकेल झालेले अल पचिनो यांच्या डोळ्यांकडे पाहत राहतो. या प्रसंगात संगीतही नाही. जवळून जाणाऱ्या रेल्वेचा कर्कश आवाज तेवढा चढत जातो आणि तो मायकेलच्या डोक्यात चाललेला कोलाहल आहे असे वाटू लागते. ही योजना चित्रपटाच्या ध्वनीचे काम पाहणारे वॉल्टर मर्च यांची. आमच्या घरी हा प्रसंग चालू असताना एका काकूंनी रिमोट घेऊन सबटायटल शोधायला सुरुवात केली होती. त्यांना मी हळूच थांबवले आणि प्रसंग संपल्यावर त्यांनीच सांगितले की शब्द नव्हते तेच बरे झाले.

मराठी सबटायटल आहेत का?

मराठी सबटायटल नाहीत. आम्ही सभासदांसाठी एका पानावर पात्रांची मराठीतून ओळख लिहून ठेवली आहे: व्हिटोचे मुलगे कोण, मानलेला मुलगा टॉम कोण, इतर घराणी कोणती. पहिल्या अर्ध्या तासात लग्नघरात वीसेक माणसे एकदम भेटतात आणि नवा प्रेक्षक तेथेच गोंधळतो. ते पान आधी वाचले तर पुढे अडचण येत नाही. कोणालाही हवे असल्यास प्रत मिळेल.

आवाज मोनो ठेवावा की ५.१?

मोनो म्हणजे एकाच वाटेने येणारा आवाज आणि ५.१ म्हणजे पाच स्पीकर व एक खर्जाचा स्पीकर यांत वाटलेला आवाज. दोन्ही पर्याय डिस्कवर आहेत. पहिले दोन भाग मुळात मोनो ध्वनीत प्रदर्शित झाले होते आणि ती मूळ ध्वनिपट्टीही या संचासाठी दुरुस्त करून दिली आहे, ५.१ ची जुळवणी नंतरची आहे. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर मोनो निवडावा, त्यात संवाद अधिक स्वच्छ लागतात. घरात पाच स्पीकरची व्यवस्था असेल तर दोन्ही ऐकून पाहावे. मी मोनोच लावतो.

चित्रपट ऑनलाइन उपलब्ध असताना डिस्क कशासाठी?

ऑनलाइन सेवांवर चित्रपट आज असतो आणि करार संपला की उद्या नसतो. ही झाली एक अडचण. दुसरी अडचण थेट आपल्या अंधाराची आहे. इंटरनेटवरून चित्र पाठवताना माहिती दाबून लहान केली जाते, आणि जेथे बारकावे डोळ्यांना सहज दिसत नाहीत तेथे काटछाट आधी होते. गडद भाग हेच ते ठिकाण. परिणामी काळ्या भागात चौकोनी ठिपके आणि पट्टे दिसू लागतात. प्रसन्न उजेडातल्या विनोदी चित्रपटाला यामुळे फारसा धक्का लागत नाही, पण या चित्रपटाला लागतो. फोर-के डिस्कमध्ये ६६ किंवा १०० जीबीपर्यंत जागा असते, म्हणून तेथे दाबादाब पुष्कळ कमी होते. ज्यांना केवळ कथा जाणून घ्यायची आहे त्यांनी ऑनलाइन पाहण्यास माझी हरकत नाही.

वगळलेले प्रसंग आणि कालक्रमाने जोडलेली आवृत्ती यात आहे का?

१९७७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर पहिले दोन भाग काळाच्या क्रमाने जोडून आणि काही वगळलेले प्रसंग घालून दाखवले गेले होते. ती आवृत्ती या संचात नाही. वगळलेले प्रसंग पूरक साहित्यात स्वतंत्रपणे पाहता येतात. दुसऱ्या भागात बापाची चढती आणि मुलाची उतरती कमान आलटूनपालटून समोर येते, यातच त्याचा जीव आहे, त्यामुळे कालक्रमाची आवृत्ती नसल्याची हळहळ वाटून घेऊ नये.

गणेशोत्सवात किंवा सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवता येईल का?

घरगुती डिस्क खासगी पाहण्यासाठीच विकलेली असते. जाहीर प्रयोगासाठी हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते, मग तिकीट असो वा नसो. आमच्याकडे दोन मंडळांनी डिस्क मागितली होती आणि दोघांनाही नकार द्यावा लागला. शिवाय उत्सवाच्या मंडपात दिवे, ये-जा आणि लहान मुले असतात. हा चित्रपट तेथे शोभणारा नाही.

मुलांबरोबर पाहावा का?

लहान मुलांबरोबर पाहू नये. घोड्याच्या मुंडक्याचा प्रसंग आणि टोलनाक्यावरील गोळीबार मोठ्यांनाही हादरवतो. महाविद्यालयीन वयाच्या मुलांनी जरूर पाहावा.

पुराच्या पाण्यात डिस्क भिजली तर काय करावे?

कॅसेटच्या तुलनेत डिस्कचे नशीब बरे आहे. गाळात पडलेली डिस्क कधीही कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण गाळातील वाळू पृष्ठभागावर चरे पाडते. डीव्हीडीत माहितीचा थर प्लॅस्टिकच्या मधोमध, ०.६ मिलिमीटर खोल असतो. ब्लू-रे आणि फोर-के डिस्कमध्ये तो पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. वर कठीण लेप असला तरी खोल चरा तेथे लवकर पोहोचतो. म्हणून आधी डिस्क स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली धरून गाळ आपोआप वाहून जाऊ द्यावा, मग भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब बोटाने फिरवून पुन्हा धुवावे आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत टिपावे. गोल फिरवून पुसू नये. उन्हात न ठेवता सावलीत उभी करून वाळू द्यावी. डबीतील छापील कागद टिकत नाही, त्याचा मोह सोडावा.

२०१९ च्या पुरात माझ्या डीव्हीडींपैकी बहुतेक अशाच वाचल्या. आता सगळ्या डिस्क वरच्या मजल्यावर, छतालगतच्या फळीवर आहेत, आणि दर पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की सभासदांकडे गेलेल्या डिस्क मी फोन करून परत मागवून घेतो.